यूट्यूबची स्ट्राइक आणि अपील व्यवस्था: मराठी चॅनलवाल्यांसाठी एक परीक्षण

यूट्यूबवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची चॅनलवर पडणारी नोंद, दोन तऱ्हेचे असतात: एक कम्युनिटी गाइडलाइन्सचा (मजकुराविषयीच्या नियमांचा), दुसरा कॉपीराइटचा. दोन्हींची मोजणी वेगळी आणि अपीलचा रस्ताही वेगळा. गाइडलाइन्सचा एक आणि कॉपीराइटचे दोन मिळून चॅनल बंद करणारे तीन होत नाहीत. आपल्याकडे चॅनलवाल्यांचे बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात. कॉपीराइटचा साधा क्लेम (मालकीचा दावा) आला तरी स्ट्राइक समजून व्हिडिओ घाईघाईनं उडवला जातो, आणि खरा स्ट्राइक आला की ‘आठवड्यात सुटेल’ म्हणून अपील न करता दिवस घालवले जातात. म्हणून ही व्यवस्था बरी की वाईट हे सांगण्याआधी ती चालते कशी ते मांडतो.

गाइडलाइन्सचं पहिलं उल्लंघन झालं तर बहुधा फक्त ताकीद मिळते. व्हिडिओ उतरतो, पण चॅनलवर कसलंही बंधन येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून या ताकिदीसोबत एक छोटं प्रशिक्षण घेण्याची सोय आहे. ते पूर्ण केलं आणि पुढचे ९० दिवस त्याच नियमाचा भंग झाला नाही, तर ताकीद पुसली जाते. प्रशिक्षण घेतलं नाही तर ती कायम चिकटून राहते. पाच-दहा मिनिटांचं हे काम कितीतरी चॅनल टाळतात, आणि पुढच्या उल्लंघनाला थेट स्ट्राइक पडतो. ताकीद आली की त्याच दिवशी प्रशिक्षण उरकावं. मात्र ताकीदच चुकीची वाटत असेल तर आधी अपील करावं.

पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा व्हिडिओ चढवणं, लाइव्ह जाणं, पोस्ट टाकणं, थंबनेल बदलणं बंद होतं. पहिल्यापासून ९० दिवसांच्या आत दुसरा आला तर दोन आठवडे. त्याच ९० दिवसांत तिसरा आला तर चॅनल कायमचं बंद. इथे दोन मुदती एकमेकींत मिसळू देऊ नयेत. आठवडा संपला की सुविधा आपोआप परत मिळतात, पण स्ट्राइक ९० दिवस खात्यावर उभाच असतो. व्हिडिओ आपणच उडवला तरी तो जात नाही. आणखी एक गोष्ट दैनंदिन वेळापत्रक ठेवणाऱ्यांना महागात पडते. बंदीच्या काळात येणारे, आधी वेळ लावून ठेवलेले व्हिडिओ ‘खाजगी’ होतात, आणि बंदी उठल्यावर ते आपोआप प्रसिद्ध होत नाहीत; प्रत्येकाला नव्यानं वेळ लावावी लागते. गणपतीच्या दहा दिवसांची मालिका आधीच भरून ठेवणाऱ्या चॅनलला आठवा दिवस उजाडल्यावर हे कळलं, तर निम्मा उत्सव हातचा गेलेला असतो.

स्ट्राइक फक्त व्हिडिओवर येतो असंही नाही. थंबनेल, शीर्षक, वर्णनात दिलेली बाहेरची लिंक, पोस्ट, प्लेलिस्ट, यांपैकी कशावरही येतो. वर्णनातली लिंक हे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे. तीन वर्षांपूर्वी दिलेल्या एखाद्या संकेतस्थळाचं नाव दुसऱ्यानं विकत घेऊन तिथे जुगाराचा किंवा फसवणुकीचा धंदा थाटला, तर नियम मोडल्याचं खापर लिंक देणाऱ्यावर फुटतं. जुन्या वर्णनांतल्या लिंक वर्षातून एकदा तरी उघडून पाहाव्यात.

इथवरची रचना चांगली आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पायऱ्या आधीपासून जाहीर आहेत, मुदती आकड्यांत आहेत, आणि पहिल्या चुकीला माणूस रस्त्यावर येत नाही. यूट्यूब स्टुडिओच्या, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानाच्या, डॅशबोर्डवर उल्लंघनाचं कार्ड दिसतं, त्यात कोणता नियम मोडला ते लिहिलेलं असतं, आणि अपीलचं बटणही तिथेच असतं.

अडचण अपीलच्या मजकुरापासून सुरू होते. गाइडलाइन्सच्या प्रत्येक स्ट्राइकवर एकदाच अपील करता येतं. मुदत ९० दिवसांची. निकाल तीन प्रकारचे. व्हिडिओ निर्दोष ठरला तर तो परत येतो आणि स्ट्राइक निघतो. नियमात बसतो पण सर्वांनी पाहण्याजोगा नाही असं ठरलं, तर वयाची अट घालून परत येतो, स्ट्राइक तरीही निघतो. नाहीतर निर्णय कायम. एकच संधी असताना लोक त्या छोट्या चौकोनात काय लिहितात? ‘आम्ही काहीच चुकीचं केलं नाही, कृपया चॅनल वाचवा, पाच वर्षांची मेहनत आहे.’ मेहनत खरी असते, पण तपासणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याच्यासमोर प्रश्न एकच आहे: या नियमाखाली हा व्हिडिओ बसतो का? उत्तर त्याच प्रश्नाला द्यायला हवं.

चांगल्या अपीलमध्ये चार गोष्टी लागतात: आक्षेप ज्यावर असेल तो नेमका मिनिट-सेकंद, तिथे मराठीत काय बोललं गेलं, त्याचा साधा इंग्रजी अर्थ, आणि नियमातली कोणती सवलत लागू होते. उदाहरणार्थ: ‘३:४२ ते ४:१०. सामाजिक बहिष्कार सोसलेली स्त्री स्वतः बोलते आहे. तिला दिलेली जातिवाचक शिवी ती साक्ष म्हणून उच्चारते. ४:१२ ला निवेदक त्या शिवीचा निषेध करतो. हा वृत्तांत माहितीपटाच्या सवलतीत बसतो.’ एवढं पुरे. यूट्यूबच्या नियमांत शैक्षणिक, माहितीपट, वैज्ञानिक आणि कलात्मक संदर्भाला सवलत आहे, पण तो संदर्भ व्हिडिओतच, आवाजात किंवा चित्रात, आणि शीर्षक-वर्णनात दिसायला हवा. अपीलमध्ये नंतर सांगितलेला हेतू तितका चालत नाही. म्हणून असा मजकूर असलेल्या व्हिडिओच्या सुरुवातीलाच दोन वाक्यांचं निवेदन टाकावं आणि वर्णनातही तेच लिहावं.

मराठीसाठी ही तयारी जास्तच लागते. यूट्यूबच्या द्वेषमूलक मजकुराच्या नियमात ‘जात’ हा संरक्षित गुणधर्म म्हणून नावानिशी घातलेला आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच नियमाचा बडगा अत्याचाराची बातमी देणाऱ्यावरही बसू शकतो, कारण शिवी देणारा आणि शिवी सहन केलेली बाई दोघंही तोच शब्द उच्चारतात. ‘आज त्याची सालटी काढली’, ‘हसून हसून मेलो’, ‘मुळावरच घाव घाला’ ही आपली रोजची भाषा. तिच्यात हिंसा नाही हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. यंत्राला शिकवावं लागतं. त्या शिकवणीसाठी लागणारी सामग्री मराठीत उशिरा आली. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधक गटानं २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा संग्रह काढला: पंचवीस हजारांहून जास्त मराठी ट्वीट, द्वेषमूलक, अपमानकारक, अश्लील आणि निर्दोष अशा चार गटांत हातानं वर्गीकरण केलेले. इंग्रजीत असं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. मराठी व्हिडिओला स्वतःची मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं जोडून ठेवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आक्षेप आला तर तपासणाऱ्यासमोर अर्थ आधीच मांडलेला असतो.

पहिली चाळणी यंत्राची असते, हे यूट्यूबचे स्वतःचे अहवालच सांगतात. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या तिमाहीत भारतातून चढवलेले २२ लाखांहून अधिक व्हिडिओ उतरवले गेले, देशवार यादीत सर्वांत जास्त. आणि जगभरात उतरवलेल्या व्हिडिओंपैकी बहुसंख्य यंत्रानं आधी हेरलेले होते. एवढ्या पसाऱ्यात यंत्राशिवाय भागणार नाही, हे मान्य. त्याच कारणानं अपीलच्या टप्प्यावर मराठी जाणणाऱ्या माणसाची नजर पडणं गरजेचं ठरतं. ती पडली की नाही, हे निकालाच्या ईमेलवरून कळत नाही. नियमाचं नाव आणि ‘निर्णय कायम’ एवढंच येतं. या सेवेचा मला सर्वांत खटकणारा दोष हाच: कोणतं वाक्य खटकलं ते कळलं नाही, तर पुढच्या व्हिडिओत टाळायचं काय?

आता कॉपीराइट. इथे क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरक पाठच करावा. कंटेंट आयडी ही यंत्रणा आपल्या व्हिडिओतला आवाज किंवा चित्र नोंदलेल्या मालकीशी जुळवते आणि क्लेम लावते. क्लेममुळे उत्पन्न मालकाकडे जातं, किंवा काही देशांत व्हिडिओ दिसेनासा होतो. चॅनलवर डाग पडत नाही. क्लेम चुकीचा वाटला तर डिस्प्यूट (हरकत) टाकायचा. मालकाला उत्तरासाठी ३० दिवस असतात, आणि तो गप्प राहिला तर क्लेम सुटतो. त्यानं क्लेम कायम ठेवला तर अपील. त्यावर त्याला फक्त ७ दिवस. या टप्प्यावर त्याच्या हातात व्हिडिओ उतरवण्याची रीतसर मागणी करणं उरतं, आणि ती मंजूर झाली की मात्र स्ट्राइक पडतो. म्हणजे कागद हातात असतील तरच अपीलपर्यंत जावं.

कीर्तन, गोंधळ, लावणी, आरत्या यांच्या मराठी चॅनलांना यात एक गैरसमज नेहमी नडतो. संतांच्या रचनेवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, हे बरोबर. पण तिचं ध्वनिमुद्रण ही वेगळी मालमत्ता आहे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं. रचना सतराव्या शतकातली असली तरी १९८० सालच्या कॅसेटमधला आवाज वापरला तर क्लेम योग्यच ठरतो. स्वतः गायलेल्या आरतीवर क्लेम आला तर मात्र बिनधास्त डिस्प्यूट करावा. रेकॉर्डिंगची मूळ फाइल आणि गायक-वादकांची लेखी संमती जवळ ठेवावी, आणि डिस्प्यूटमध्ये ‘पारंपरिक रचना, स्वतःचं ध्वनिमुद्रण’ असं स्पष्ट लिहावं. चाल कुणा संगीतकाराची असेल तर हा युक्तिवाद टिकत नाही.

कॉपीराइटचा स्ट्राइकही ९० दिवसांनी जातो, पण आधी कॉपीराइट स्कूल हा छोटा धडा पुरा करावा लागतो. तीन झाले की चॅनल बंद. यूट्यूब पार्टनर प्रोग्राम या कमाईच्या योजनेतल्या चॅनलला मात्र ७ दिवसांची सवलत असते, आणि त्या दिवसांत काउंटर नोटिफिकेशन दिलं तर निकाल लागेपर्यंत चॅनल उभं राहतं. काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं रीतसर उत्तर, हा अमेरिकी कायद्यातला दस्तऐवज आहे. ते दिल्यावर तक्रारदाराला अमेरिकेतले १० कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं न्यायालयीन कारवाई सुरू केल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो. धोका हा की आपलं खरं नाव आणि पत्ता तक्रारदाराकडे जातो. स्थानिक पुढाऱ्याविरुद्ध, वाळूमाफियाविरुद्ध बातम्या करणाऱ्यानं ते स्वतः भरू नये. वकिलामार्फत देण्याची सोय आहे, ती वापरावी. खोट्या तक्रारीनं बातमी उतरवायची आणि वर पत्रकाराचा पत्ताही मिळवायचा, अशी संधी ही रचना गुंडाला देते. यूट्यूबनं ही फट बुजवायला हवी.

शेवटची पायरी चॅनल बंद होण्याची, आणि इथे सेवेचा दर्जा घसरतो. तीन स्ट्राइक न होताही चॅनल जाऊ शकतं: एकच अतिगंभीर उल्लंघन असेल, किंवा संपूर्ण चॅनलच नियमभंगासाठी आहे असं ठरलं तर. बंद होणाऱ्या चॅनलांपैकी बहुसंख्य ‘स्पॅम, फसवणूक आणि दिशाभूल’ या सदराखाली जातात, आणि हे सदर फार लांब-रुंद आहे. ईमेलमध्ये सदराचं नाव असतं, पण नेमका व्हिडिओ कोणता ते कित्येकदा नसतं. एका व्हिडिओच्या स्ट्राइकला कार्ड आणि कारण मिळतं. सगळं चॅनल गेलं तर एक परिच्छेद. शिक्षा जितकी मोठी, तितकं कारण तपशिलानं द्यायला हवं. इथे उलटंच घडतं.

बंद चॅनलसाठी अपील एका वर्षाच्या आत करता येतं. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये यूट्यूबनं एक प्रायोगिक सोय जाहीर केली: चॅनल बंद होऊन वर्ष झालं की काही जणांना नवं चॅनल सुरू करायची विनंती करता येते. कॉपीराइटमुळे बंद झालेल्यांना ती नाही, आणि नव्या चॅनलची सुरुवात शून्यातून. जुने सबस्क्रायबर त्यात येत नाहीत. त्याआधी दुसऱ्या ईमेलवरून चॅनल काढणं हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो आणि तेही बंद होतं. भावाच्या किंवा बायकोच्या चॅनलवर तात्पुरतं काम सुरू केलं, तर तेही गोत्यात येतं. चॅनल चालवणारे बरेच असतील तर पासवर्ड वाटू नये. स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये परमिशन्स आहेत, तिथून मॅनेजर, एडिटर, पाहणारा अशा भूमिका द्याव्यात, आणि काम सोडून गेलेल्याचं नाव त्याच दिवशी काढावं.

चॅनल हॅक होऊन बंद पडणं हा वेगळा प्रकार. जाहिरातीचा करार म्हणून आलेली फाइल उघडली जाते, ब्राउझरमधलं लॉगिन चोरलं जातं, चॅनलवर क्रिप्टोचं लाइव्ह सुरू होतं, आणि यूट्यूब चॅनल बंद करतं. लॉगिनच चोरलं असल्यानं दोन टप्प्यांचं लॉगिनही इथे अडवू शकत नाही. अशा वेळी सरळ चॅनलचं अपील करण्यात अर्थ नाही. आधी गुगल खातं ताब्यात घ्यायचं, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करायचं, मगच यूट्यूबला हॅक झाल्याचं कळवायचं.

अंतर्गत अपील फेटाळलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नये. २५ फेब्रुवारी २०२१ ला अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मध्यस्थ कंपनीला (यूट्यूबसारख्या, इतरांचा मजकूर मांडणाऱ्या) तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं २४ तासांत पोच द्यायची. निकालाची मुदत मूळ नियमांत १५ दिवसांची होती. या मुदतींत दुरुस्त्या होत आल्या आहेत, म्हणून अर्जापूर्वी चालू नियम पाहून घ्यावा. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना नियम ४(८) लागू होतो: स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला आधी कळवायचं, कारण द्यायचं, आणि हरकत घ्यायला पुरेशी संधी द्यायची. तक्रारीत हा नियम क्रमांकासह लिहावा, कोणता व्हिडिओ आणि कोणतं वाक्य ते मागावं, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही, किंवा मुदतीत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनं ही सोय आली, जानेवारी २०२३ मध्ये तीन समित्या नेमल्या गेल्या, आणि १ मार्च २०२३ पासून कामकाज सुरू झालं. सगळं ऑनलाइन चालतं. अपील ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं नियमात आहे, आणि समितीचा आदेश कंपनीला पाळावा लागतो. समित्या केंद्र सरकारच नेमतं. सरकारवर टीका केल्यामुळे उतरलेल्या व्हिडिओसाठी याच दारात जावं लागणं मला पटत नाही. चुकून स्पॅम ठरलेल्या पाककृतीच्या चॅनलला मात्र हा रस्ता खरोखर उपयोगी आहे. अर्जासोबत चार जोडण्या द्याव्यात: बंदीचा ईमेल, अपीलचा निकाल, तक्रार अधिकाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, आणि वादग्रस्त भागाचं मराठी-इंग्रजी लेखन. थेट न्यायालयात धाव घेण्याआधी हा टप्पा पुरा करावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲप खातं बंद झाल्याची याचिका सरळ सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयानं संविधानाच्या कलम ३२ खाली ती ऐकायला नकार दिला आणि दुसरे कायदेशीर मार्ग धरायला सांगितलं.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमधून चॅनल चालवणाऱ्या मराठी लोकांची बाजू जास्त भक्कम आहे. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यानुसार प्रत्येक बंदीला कारणांचं निवेदन द्यावं लागतं, अंतर्गत तक्रार करायला सहा महिन्यांची मुदत असते, त्या तक्रारीचा निर्णय केवळ यंत्रावर सोडता येत नाही, आणि पुढे न्यायालयाबाहेरच्या तंटा निवारण संस्थेकडे जाता येतं.

इतर मंचांशी तुलना करायची तर फेसबुकनं फेब्रुवारी २०२३ मध्ये शिडी सौम्य केली. सातव्या स्ट्राइकपर्यंत पोस्ट करण्यावर सरसकट बंदी येत नाही. मात्र त्यांचे स्ट्राइक वर्षभर टिकतात, त्या मानानं यूट्यूबचे ९० दिवस बरे. व्हॉट्सॲपवर ॲपमध्येच फेरतपासणी मागता येते, पण नेमकं कारण सांगण्याच्या बाबतीत ते यूट्यूबच्याही मागे आहे. पारदर्शकतेत मराठी विकिपीडिया सगळ्यांत पुढे आहे. तिथे कोणत्या प्रचालकानं (देखरेखीचे अधिकार असलेल्या सदस्यानं), कुणाला, किती काळासाठी आणि का रोखलं, याची नोंद कुणालाही वाचता येते. सदस्यसंख्येचा फरक प्रचंड आहे, हे खरं. पण निर्णयाचं कारण ज्याच्यावर निर्णय झाला त्याला सांगायला लाखो सदस्य आड येत नाहीत.

चॅनल आज सुरळीत चालू असेल तर एक काम आत्ताच करून ठेवावं. गुगल टेकआउट (आपल्या डेटाची प्रत देणारी सेवा) उघडा, चॅनल ब्रँड खात्यावर (वैयक्तिक खात्यापासून वेगळ्या) असेल तर आधी त्या खात्यावर जा, सगळ्या खुणा काढून फक्त यूट्यूब निवडा, आणि फाइलचा आकार ५० जीबी ठेवा म्हणजे तुकडे कमी होतील. येणाऱ्या लिंकची मुदत काही दिवसांचीच असते, त्यामुळे डाउनलोड लगेच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावं. मूळ फाइल, संगीताचे परवाने आणि संमतीपत्रं त्याच डिस्कवर, व्हिडिओच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावीत. अपीलच्या वेळी हीच कागदपत्रं लागतात, आणि तेव्हा स्टुडिओचं दार कदाचित बंद असेल.